बीसीएस : नाशिकमधला कॉम्प्युटर सायन्स पदवीचा अभ्यासक्रम

बीसीएस म्हणजे बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची विज्ञान शाखेतली पदवी. मार्कशीटवर बीएस्सीच लिहिलेलं असतं पण कॉलेजरोडवर कुणालाही विचारा, एफवाय (पहिलं वर्ष) बीसीएस, टीवाय (तिसरं वर्ष) बीसीएस असंच ऐकायला मिळेल. बारावी सायन्सला मॅथ्स घेतलेलं असेल तर प्रवेश मिळतो. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये सुरू झालं, २०१४ मध्ये त्याला सावित्रीबाईंचं नाव दिलं, आणि नाशिक जिल्हा त्याच्याच हद्दीत येत असल्यामुळे इथल्या पोरांचं सिलॅबस, पेपर, रिझल्ट सगळं पुण्याहून ठरतं. कॉलेज स्वायत्त असेल तर गोष्ट वेगळी, मग सिलॅबस आणि पेपर कॉलेजच काढतं आणि डिग्री मात्र विद्यापीठाचीच मिळते. गंगापूर रोडचं केटीएचएम, कॉलेजरोडचं एचपीटी-आरवायके, पंचवटीतलं के. के. वाघ, नाशिकरोडचं बिटको ही शहरातली नेहमीची नावं. दिंडोरी, निफाड, सिन्नरकडून एसटीचा पास काढून येणारी पोरं प्रत्येक वर्गात असतातच, त्यामुळे सकाळच्या पहिल्या लेक्चरला वर्ग निम्मा रिकामा दिसला तर लगेच बंकचा आरोप करायचा नसतो.

सगळ्यात आधी गोंधळ निस्तरू. बीसीएस वेगळं, बीसीए सायन्स वेगळं, आणि बीबीए सीए वेगळं, हे तिसरं कॉमर्सकडचं आहे आणि आधी त्यालाही बीसीएच म्हणायचे म्हणून नातेवाईकांचा आजही घोळ होतो. २०२४-२५ पासून बीसीए, बीबीए हे एआयसीटीईच्या, म्हणजे तांत्रिक शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, कक्षेत गेले आणि त्यांना राज्याची सीईटी लागली, बीसीएस बीएस्सीच असल्यामुळे त्यातून सुटलं. इंजिनिअरिंगचं कॉम्प्युटर तर चौथंच प्रकरण. "म्हणजे कॉम्प्युटर रिपेअर करता येईल ना रे?" हा प्रश्न कुठल्याही लग्नात येतो. या कोर्समध्ये कुठेही कॉम्प्युटर रिपेअर शिकवत नाहीत, प्रिंटरचं तर नावच काढू नका.

पहिली दोन वर्षं

इथं येणाऱ्याला पहिला धक्का बसायचा तो हा की कॉम्प्युटरच्या डिग्रीत कॉम्प्युटर हा चारातला एक विषय असायचा. २०१९ पॅटर्नमध्ये, म्हणजे २०१९ च्या अभ्यासक्रमात, एफवायला चार विषय होते, कॉम्प्युटर सायन्स, मॅथ्स, इलेक्ट्रॉनिक्स आणि स्टॅटिस्टिक्स, आणि प्रत्येकाचं थिअरी वेगळं, प्रॅक्टिकल वेगळं, जर्नल वेगळं. कॉम्प्युटरमध्ये सी प्रोग्रामिंग आणि डेटाबेस. मॅथ्समध्ये मॅट्रिक्स, डिस्क्रीट मॅथ्स, पुढच्या सेमला लिनिअर अल्जिब्रा आणि ग्राफ थिअरी. इलेक्ट्रॉनिक्समध्ये डायोड ट्रान्झिस्टरपासून लॉजिक गेटपर्यंत, ब्रेडबोर्डवर वायरी खोचत बसायचं आणि एलईडी लागला नाही की आधी शेजारच्या ग्रुपची आयसी (चिप) ढापून बघायची. एसवायला, म्हणजे दुसऱ्या वर्षी, स्टॅट्स सुटायचं पण मॅथ्स आणि इलेक्ट्रॉनिक्स चिकटून राहायचे, त्यात मायक्रोकंट्रोलर आला, आयओटी (वस्तू इंटरनेटला जोडणं) आलं, मॅथ्सला ग्रुप्स अँड कोडिंग थिअरी आली आणि ऑपरेशन्स रिसर्च आलं. कॉम्प्युटरकडून डेटा स्ट्रक्चर, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग, नेटवर्क.

पोरं कोडिंगला वैतागतात त्याहून जास्त या बाकीच्या विषयांना वैतागतात, "हे कशाला पाहिजे" हा एफवायचा राष्ट्रीय प्रश्न आहे. माझं म्हणणं असं आहे की दोष विषयांचा नाहीच, ते चार वेगवेगळ्या डिपार्टमेंटमध्ये चार वेगळे मास्तर शिकवायचे आणि हा धागा तिकडे कुठे जाऊन मिळतो ते कुणीच सांगायचं नाही. एक उदाहरण घेऊन दाखवतो कारण नुसतं म्हणून कुणाला पटत नाही.

हॅमिंग कोड, म्हणजे पाठवलेल्या माहितीतली चूक पकडून दुरुस्त करायची युक्ती. रिचर्ड हॅमिंग बेल लॅब्जमध्ये होते, १९५० मध्ये त्यांनी तो मांडला. चार बिट (० किंवा १ हे आकडे) पाठवायचे असतील, समजा १०११, तर त्यात तीन पॅरिटी, म्हणजे तपासणीचे, बिट घालून सात बिट करायचे. पहिली, दुसरी आणि चौथी जागा पॅरिटीची, उरलेल्या जागांवर आपला डेटा. १, ३, ५, ७ या जागांवर एक हे सम संख्येने यायला हवेत, तसंच २, ३, ६, ७ आणि ४, ५, ६, ७ वर. हिशोब केला की ०११००११ येतं. आता वाटेत पाचवा बिट उलटला आणि ०११०१११ पोचलं असं धरा. घेणारा तेच तीन हिशोब परत करतो, पहिला चुकतो, दुसरा बरोबर येतो, तिसरा चुकतो. पहिल्याची किंमत एक, तिसऱ्याची चार, बेरीज पाच. म्हणजे पाचवा बिट बिघडलाय, उलटा करा, संपलं. परत पाठव म्हणायचीसुद्धा गरज नाही.

तर हे मॅथ्सच्या कोडिंग थिअरीत येतं तेव्हा व्हेक्टर, मॅट्रिक्स आणि ग्रुपच्या भाषेत येतं आणि पोरं रट्टा मारतात. इलेक्ट्रॉनिक्समध्ये पॅरिटीसाठी एक्सऑर गेट (दोन इनपुट वेगळे असतील तरच १ देणारं) जोडतात तेव्हा हेच गणित वायरीत उतरलेलं असतं. नेटवर्कच्या पेपरला एरर करेक्शन म्हणून पाच मार्काला परत येतं. एकच गोष्ट तीन जर्नलमध्ये तीन वेगळ्या रंगाच्या कव्हरखाली लिहिली जाते, आणि आपण एकच गोष्ट तिनदा केली हे मला तरी टीवायला कळलं, तेही एका मित्राला केटीच्या (राहिलेल्या विषयाच्या) पेपरसाठी शिकवताना. ग्राफ थिअरीचं तसंच, एफवायला शिरोबिंदू आणि कडा म्हणून सोडवलेलं गणित एसवायला डेटा स्ट्रक्चरमध्ये डायक्स्ट्राचा शॉर्टेस्ट पाथ बनून येतं, सीबीएस बसस्टँडवरून सातपूरला कमीत कमी अंतरात कसं जायचं ते शोधणारं मॅपसुद्धा त्याच जातीचं गणित करतं.

लॅब, लॅबबुक आणि स्लिप

या पदवीचं खरं ओझं प्रॅक्टिकलमध्ये आहे. क्रेडिटच्या (विषयाचं वजन मोजायच्या एककाच्या) हिशोबात थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास आणि प्रॅक्टिकलचा एक क्रेडिट म्हणजे ३० तास, त्यामुळे टाइमटेबलवर लॅबच पसरलेली दिसते. कॉम्प्युटरच्या प्रॅक्टिकलसाठी विद्यापीठाचं लॅबबुक असतं, त्यात असाइनमेंट आणि प्रत्येक असाइनमेंटखाली सेट ए, सेट बी, सेट सी. सेट ए सोपा, सेट बी डोकं लावायचा, सेट सी बहुतेक जण फक्त वाचतात. शेवटी शून्य ते पाच असे शेरे, अपूर्ण, उशिरा पूर्ण, सुधारणा हवी, असं करत करत चांगलंपर्यंत, आणि मॅडमची सही. सबमिशनच्या आठवड्यात सह्यांसाठी स्टाफरूमबाहेर लागणारी लाइन बघितली की रेशन दुकान आठवतं.

लॅबमध्ये लिनक्स. घरी विंडोज वापरलेल्या पोराला पहिल्या दिवशी काळ्या टर्मिनलसमोर बसवलं की तो माउस शोधतो. सी साठी जीसीसी हा कंपायलर (कोडचं मशिनच्या भाषेत रूपांतर करणारा), डेटाबेससाठी पोस्टग्रेस, पुढे पीएचपी आणि जावा. सी ही भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बनवली आणि टेबल-टेबलवाला डेटाबेस एडगर कॉड यांनी १९७० मध्ये आयबीएममध्ये असताना मांडला, म्हणजे शिकवतात ते पन्नास वर्षांपूर्वीचं अशी तक्रार होते, पण लिनक्सचं कर्नल (गाभा) आजही मुख्यतः सी मध्येच लिहिलेलं आहे तेव्हा ही तक्रार फार ताणू नये. तक्रार करायचीच तर वहीवर पेनाने प्रोग्राम लिहून घेतात याची करावी. पेपरला कंपायलर नसतो, सेमिकोलन राहिला तर कागद काही ओरडत नाही, त्यामुळे कागदावर चालणारा आणि मशिनवर पडणारा कोड ही इथली खास जात आहे.

प्रॅक्टिकल परीक्षा स्लिपवर चालते. टेबलावर चिठ्ठ्या उलट्या मांडलेल्या, एक उचलायची, तिच्यावरचे प्रश्न वेळेत करून दाखवायचे आणि मग व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. सगळ्या स्लिप झेरॉक्सवाल्याकडे आधीपासून मिळतात, पोरं पाठ करून येतात, आणि नेमकी फजिती तिथंच होते. माझ्या एसवायच्या परीक्षेत शेजारच्या पोराला सिंगली लिंक्ड लिस्टची (प्रत्येक नोडमध्ये पुढच्याचा पत्ता ठेवून केलेली साखळी) स्लिप आली, पाठ होती, पंधरा मिनिटांत टाइप करून मोकळा झाला. रन केलं तर दहा, वीस, तीस छापलं आणि खाली सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे नको तिथल्या मेमरीत हात घातल्याची चूक. परत रन, परत तेच. मशिन खराब आहे म्हणून लॅबच्या दादांना बोलावलं, त्यांनी दुसरी मशिन दिली, तिथंही तेच. एक्सटर्नल सर (बाहेरून आलेले परीक्षक) मागे येऊन उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "शेवटच्या नोडच्या पुढे काय आहे रे?" त्याने मॅलॉकने (मेमरी मागायच्या फंक्शनने) जागा घेतली होती पण शेवटच्या नोडच्या नेक्स्टमध्ये नल, म्हणजे पुढे काही नाही ही खूण, टाकायचं पाठांतरातून गळलं होतं, आणि मॅलॉक जागा देतो ती पुसून देत नाही, आधीचा कचरा असू शकतो. प्रोग्राम त्या कचऱ्याला पुढच्या नोडचा पत्ता समजून चालत गेला आणि ऑपरेटिंग सिस्टिमने त्याला वेशीवरच अडवला. एक ओळ घातली, चाललं. आज तो पोरगा पुण्याला चांगल्या जागी आहे आणि अजून भेटला की "नल टाकलं का भो" असंच म्हणतो.

तिसरं वर्ष

टीवायला बाकीचे विषय गळून जायचे आणि फक्त कॉम्प्युटर उरायचं. ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, वेब टेक्नॉलॉजी, डेटा सायन्स, जावा, थिअरॉटिकल कॉम्प्युटर सायन्स, आणि शेवटच्या सेमला कंपायलर कन्स्ट्रक्शन, सॉफ्टवेअर टेस्टिंग वगैरे. जावाला गर्दी, थिअरॉटिकलला बोंब. ऑटोमाटा (कागदावरच्या कल्पित मशिनची आकृती) काढताना गोलाला बाण जोडत पान भरतं आणि उत्तर चुकलं हे शेवटच्या बाणाला कळतं. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये मार्क काढून देणारा भाग म्हणजे पेज रिप्लेसमेंट, म्हणजे मेमरी भरली की कुठलं पान बाहेर काढायचं ते ठरवणं, कारण तक्ता काढला की उत्तर येतंच. त्यातली एक गंमत मात्र बघण्यासारखी आहे. १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५ ही पानं या क्रमाने मागितली आणि जे आधी आलं ते आधी बाहेर हा फिफोचा नियम लावला, तर तीन फ्रेममध्ये (मेमरीतल्या पानाच्या जागा) ९ पेज फॉल्ट (मागितलेलं पान मेमरीत नसणं) होतात आणि फ्रेम वाढवून चार केल्या तर १०. मेमरी वाढवली आणि काम बिघडलं. याला बेलाडीची विसंगती म्हणतात, विश्वास बसत नसेल तर वहीवर करून बघा, दहा मिनिटं लागतील.

मार्कांचं थोडक्यात सांगायचं तर दोन क्रेडिटच्या पेपरला ५० मार्क, त्यात ३५ विद्यापीठाचे आणि १५ इंटर्नल, पासिंग ४० टक्क्यांना. राहिला तर बॅकलॉग, बोलीभाषेत केटी.

प्रोजेक्ट हा टीवायचा सण. विषय ठरलेलेच, लायब्ररी मॅनेजमेंट, हॉस्पिटल मॅनेजमेंट, मेस मॅनेजमेंट, पण नाशिकच्या मातीतले विषयही निघतात, लासलगावच्या कांद्याचे भाव दाखवणारं अॅप, द्राक्षबागेच्या फवारणीची नोंदवही, सिंहस्थात हरवलेल्यांची नोंद. निफाडच्या एका पोरीने फवारणीवालं केलं होतं आणि तिला कुठलं औषध किती दिवस आधी थांबवायचं हे सरांपेक्षा जास्त माहीत होतं, कारण घरी नाना बागेत काय करतात ते ती लहानपणापासून बघत होती. उलट बाजूला तयार प्रोजेक्ट विकत मिळतात, सीडी, रिपोर्ट, काळं बाइंडिंग आणि सोनेरी अक्षरं सगळं पॅकेजमध्ये. ते पकडायला फार कष्ट लागत नाहीत, व्हायवात "लॉगिनचा पासवर्ड कुठल्या टेबलात ठेवलाय ते उघडून दाखव" एवढं म्हटलं की पुरतं. टेबल सापडलंच तर पासवर्ड उघडाच लिहिलेला असतो, आणि खरं सांगायचं तर स्वतः केलेल्या प्रोजेक्टमध्येही बऱ्याचदा उघडाच असतो.

आता काय बदललंय

नव्या शैक्षणिक धोरणाचा पॅटर्न राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून आला. चार सारखे विषय ही जुनी घडी त्यात मोडली, आता मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला आवडीचा विषय), स्किलचे कोर्स, भारतीय ज्ञानप्रणाली, भाषा, आणि कंपनीत जाऊन करायचं ऑन जॉब ट्रेनिंग अशी थाळी आहे. एफवायच्या पालकसभेत ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी ही अक्षरं फळ्यावर लिहिली की मागच्या बाकावरचे बाप लोक मोबाइल काढून फोटोच घेतात. वर्षाला ४० ते ४४ क्रेडिट. पहिल्या वर्षानंतर थांबलं तर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा, तिसऱ्यानंतर पदवी, आणि चौथं वर्ष केलं तर ऑनर्स, अर्थात मधेच थांबायचं असेल तर स्किलचे चार जादा क्रेडिट करावे लागतात.

चौथं वर्ष करायचं का, यावर सध्या कॅन्टीनमध्ये दोन पार्ट्या आहेत. तीन वर्षांत बाहेर पडून एमसीए (कॉम्प्युटरची पदव्युत्तर पदवी) करणारे म्हणतात तेही दोनच वर्षांचं झालंय, मग इथं एक वर्ष कशाला घालवायचं, एमसीएचं नाव तरी सगळीकडे चालतं. दुसरी पार्टी म्हणते ऑनर्स केलं की एमएस्सी एका वर्षात होते. दोन्हीकडचा हिशोब पाच वर्षांवरच येतो, एवढं बघून मग फी आणि होस्टेलचा आकडा मांडायला बसतात.