दिलासा : कौलाच्या जोडीचा शब्द

इंदूरच्या मराठी घरात हिंदी आणि मराठी दोन्ही बातम्या वाचल्या जातात, म्हणून हा फरक इथे लवकर जाणवतो. करात सवलत मिळाली की हिंदी मथळ्यात ‘राहत’ असते, मराठी मथळ्यात ‘दिलासा’. हिंदीतला दिलासा बहुतेक तोंडी असतो; ‘झूठा दिलासा’ तर तिथे नेहमी कानावर पडतं. मग मराठीने शब्द चुकीचा वापरला का? मला उलट वाटतं. मराठीने त्याचं जुनं वजन सांभाळलं आहे.

शब्द फारसी. दिल म्हणजे मन, आणि ‘आसा’ हे ‘आसूदन’ म्हणजे विसावणे या क्रियापदातलं. दिल अधिक आशा ही फोड पुष्कळ जण सांगतात, पण ती खरी नव्हे.

मराठी दफ्तरांत दिलाशाचा जोडीदार ‘कौल’, म्हणजे दिलेलं वचन. लढाईने किंवा दुष्काळाने रयत परागंदा झाली की नुसतं ‘परत या’ म्हणून कोण येणार? सरकार कौल देई: पडीक जमीन लावा, पहिल्या वर्षी सारा थोडा, मग दरसाल चढत पुऱ्या दरावर. या चढत्या आकारणीला इस्तावा म्हणत. मनाचा विसावा असा आकड्यांत बांधलेला असे.

माळव्याला याची गरज किती होती, ते ब्रिटिश अधिकारी जॉन माल्कमच्या नोंदींतून कळतं. २१ डिसेंबर १८१७ ला होळकर आणि इंग्रज यांच्यात महिदपूरची लढाई झाली, ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह. त्यानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली. १८१७ मध्ये होळकरांच्या ३,७०१ गावांपैकी १,६६३ ‘बेचिराग’ होती. बेचिराग, म्हणजे जिथे दिवा लागत नाही. आपण त्याचं ‘बेचिराख’ केलं आणि त्यात राख दिसू लागली. मूळ शब्दात मात्र विझलेला दिवा आहे, आणि मला तो जास्त चटका लावतो.

पेंढाऱ्यांची लूट थांबली, होळकरांचे दिवाण तात्या जोग यांच्या हाती कारभार स्थिरावला, तशी माणसं परतू लागली. १८१८ मध्ये २६९ गावं पुन्हा वसली, १८१९ मध्ये ३४३, १८२० मध्ये ५०८. उरलेल्या ५४३ गावांत तेव्हाही दिवा लागला नव्हता.