दिल्ली टूरला येताय? नॅशनल वॉर मेमोरियलबद्दल आधी हे वाचा

दिल्लीचं बुकिंग करताना बहुतेकजण विचारतात, इंडिया गेट आहे ना? आहेच. पण तिथे फोटो काढून लगेच गाडीत बसायची घाई करू नका. इंडिया गेट इंग्रजांनी बांधलं, 1931 सालचं, मुख्यतः पहिल्या महायुद्धात गेलेल्यांसाठी. स्वातंत्र्यानंतर जे गेले, म्हणजे 47-48, 62, 65, 71, सियाचेन, श्रीलंका, कारगिल, त्यांचं राष्ट्रीय स्मारक गेटच्या अगदी मागे आहे, साधारण 40 एकरात, 25 फेब्रुवारी 2019 ला सुरू झालं, आणि आम्ही त्याला अख्खी संध्याकाळ ठेवतो.

रचना गोलात गोल अशी आहे. मधोमध अमर चक्र, तिथे साडेपंधरा मीटरचा स्तंभ आणि त्याखाली ज्योत. गेटखालची अमर जवान ज्योत 21 जानेवारी 2022 ला याच ज्योतीत विलीन केली, त्यामुळे पूर्वी दिल्ली बघितलेल्यांनी ती गेटखाली शोधू नये. वीरता चक्रात लोंगेवाला, रेझांग लासारख्या लढायांची ब्राँझची शिल्पं आहेत. सगळ्यात बाहेर रक्षक चक्र, म्हणजे झाडांच्या रांगा.

आमच्या मते थांबायची जागा म्हणजे त्याग चक्र. ग्रॅनाइटच्या भिंती आणि प्रत्येक जवानाच्या नावाची वेगळी पाटी, उद्घाटनाच्या वेळीच 25,942 नावं होती. देवळाली, नाशिकरोडला घरात कुणीतरी फौजेत असलेली कुटुंबं खूप, तेव्हा तुमच्या नात्यातलं किंवा गावातलं कुणी शहीद असेल तर पूर्ण नाव, रेजिमेंट आणि साल लिहून आणा, तिथल्या टचस्क्रीनवर नाव टाकलं की पाटी कुठे आहे ते कळतं.

शेजारच्या परम योद्धा स्थळावर परमवीर चक्र मिळालेल्यांचे 21 अर्धपुतळे आहेत. मुलांना रामा राघोबा राणेंचा नक्की दाखवा. बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर तुकडीचे हे अधिकारी, 1948 मध्ये राजौरीच्या वाटेवर गोळीबार चालू असताना यांनी सुरुंग काढून रणगाड्यांना रस्ता करून दिला.

एंट्री फ्री आहे. सिक्युरिटी चेक होतो म्हणून मोठ्या बॅगा हॉटेलवरच ठेवा. चालणं बरंच आहे, गुडघ्याचा त्रास असलेल्या आजी-आजोबांबद्दल बुकिंगलाच सांगा. संध्याकाळच्या सोहळ्यात शहिदाच्या घरचे पुष्पचक्र वाहतात, त्या वेळी कृपया मोबाईल सायलेंट आणि व्हिडिओ कॉल बंद. नाव शोधायचं असेल तर निघायच्या आधीच आम्हाला कळवा, तुमच्यासोबत आमचा माणूस देऊ आणि तुमचं होईपर्यंत गाडी थांबेल.