दोरावरची शेती आणि अनुदानाची दिशा

कोकणातल्या खडकाळ किनाऱ्यावर आणि खाड्यांच्या तोंडाशी काकई (हिरवे शिंपले) व कालवे (खडकाला चिकटणारे शिंपले) आपोआप वाढतात. काकईचे बीज, म्हणजे लहान पिल्ले, सुती कापडात गुंडाळून दोराला शिवले आणि तो दोर बांबूच्या तराफ्याखाली सोडला, तर कापड कुजेपर्यंत काकई आपल्या चिवट तंतूंनी दोर घट्ट धरते आणि पाच-सहा महिन्यांत विक्रीयोग्य होते. केरळमध्ये ही शेती चांगली रुजली आहे. तिला खाद्य घालावे लागत नाही, कारण काकई पाणी गाळून त्यातले सूक्ष्म तरंगत्या वनस्पती (वनस्पतिप्लवक) खाते. अशाच दोरांवर लावल्या जाणाऱ्या समुद्री शैवालालाही खत लागत नाही, ते पाण्यात विरघळलेले नत्र आणि स्फुरद शोषून घेते.

२०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शैवालासाठी ६४० कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. या योजनेत लाभार्थ्याला प्रकल्पखर्चाच्या ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांना ६० टक्के अनुदान मिळते. महाराष्ट्राच्या कांदळवन संरक्षण व उपजीविका योजनेतूनही किनारी गावांतील गटांना कालवे व काकई पालनासाठी मदत दिली जाते. मात्र बांबू, दोर आणि तराफा हा या धंद्याचा सर्वांत सोपा भाग आहे, आणि नेमका तोच अनुदानात सहज बसतो.

खरी अडचण पावसाळ्यात येते. जूननंतर नद्यांचे गोडे पाणी खाडीत उतरते, क्षारता झपाट्याने घसरते आणि लाटा तराफे मोडतात, त्यामुळे लागवडीचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे एवढाच उरतो. पावसाळ्यापूर्वी पीक काढले की पुढच्या लागवडीसाठी बीज नव्याने उभे करावे लागते. ते दरवर्षी नैसर्गिक खडकांवरून खरवडून आणले, तर ज्या साठ्यावर किनाऱ्यावरच्या गरीब बायकांची चूल चालते तोच झिजतो. म्हणून सरकारी बीजोत्पादन केंद्राची गरज तराफ्यापेक्षा मोठी आहे.

शैवालाच्या जातीचा प्रश्नही तितकाच नाजूक आहे. तमिळनाडूत लावले जाणारे कप्पाफायकस हे शैवाल ४५ दिवसांत तयार होते आणि त्यातून मिळणाऱ्या कॅराजीनन या पदार्थ दाट करणाऱ्या घटकाला खाद्य उद्योगात मागणी आहे. पण हीच परकी जात मन्नारच्या आखातातील कुरुसडाई बेटाजवळ प्रवाळांवर पसरल्याचे शास्त्रज्ञांनी नोंदवले आहे. १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यातही प्रवाळ आहेत, त्यामुळे त्याच्या आसपास आधी स्थानिक जातींची चाचणी घेणे शहाणपणाचे ठरेल.

शेवटचा मुद्दा खाणाऱ्याचा आहे. पाणी गाळणारा प्राणी सांडपाण्यातले जिवाणू आणि जड धातूही साठवतो. स्वच्छ पाण्यात एक-दोन दिवस ठेवल्याने जिवाणू बरेच कमी होतात, धातू मात्र सहजी जात नाहीत. युरोपात शिंपल्यांच्या पाण्याची वर्गवारी सरकारी यंत्रणाच करते. रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयासारख्या संस्थांना खाड्यांच्या नियमित तपासणीचे काम आणि त्यासाठी कायम निधी दिला, तर मोठ्या शहरांतील हॉटेलांना खात्रीचा माल देता येईल, आणि कोणत्या खाडीत तराफे टाकू नयेत हेही गुंतवणुकीआधीच कळेल.