लिंबाचा वास रसात नव्हे, सालीत

लिंबू म्हटले की आधी आठवतो तो आंबट रस. मात्र डोळे मिटूनही ज्या वासावरून आपण लिंबू ओळखतो, तो वास रसात फार थोडा असतो. रसाचा आंबटपणा मुख्यतः सायट्रिक आम्लाचा. रसात त्याचे प्रमाण साधारण ५ ते ६ टक्के असते, आणि हे आम्ल हवेत उडत नसल्यामुळे नाकाला त्याचा पत्ता लागत नाही. सुगंधाचे खरे कोठार सालीत आहे, आणि रस पिळून झाल्यावर आपण नेमकी तीच टाकून देतो, याचे मला नेहमी वाईट वाटते.

लिंबाच्या सालीत दोन थर असतात. बाहेरचा थर पिवळा, पातळ आणि किंचित खडबडीत असतो. आतला पांढरा आणि कापसासारखा मऊ. पिवळ्या थरात तेलाने भरलेल्या असंख्य सूक्ष्म पिशव्या असतात. सालीवर बारकाईने पाहिले तर दिसणारे ठिपके या पिशव्यांचेच. साल दुमडली की पिशव्यांवर ताण येतो, त्या फुटतात आणि तेलाची बारीक पिचकारी उडते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अतिवेगवान कॅमेऱ्याने लिंबूवर्गीय फळांच्या अशा पिचकाऱ्या टिपल्या होत्या. त्यांचा वेग सेकंदाला १० मीटरहून अधिक भरला. एवढ्याशा सालीत इतका जोर असतो, हे वाचून मी थक्क झालो होतो.

या तेलाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग लिमोनीन नावाच्या द्रव्याचा असतो. नाव लिंबाचे असले तरी लिंबाची खरी ओळख त्याच्यामुळे होत नाही, कारण संत्र्याच्या सालीच्या तेलात तर लिमोनीन ९० टक्क्यांहूनही अधिक असते. लिंबाला लिंबूपण देते ते सिट्राल. तेलात ते जेमतेम दोन-तीन टक्के असते, पण आपल्या नाकाला त्याची फार लवकर जाणीव होते. गवती चहाला लिंबासारखा वास येतो तोही याच सिट्रालमुळे.

स्वयंपाकात सालीचा कीस वापरताना एक गोष्ट ध्यानात ठेवली की बाकीचे बरेचसे आपोआप उमगते: आपण हाताळतो आहोत ते तेल आहे. तेल पाण्यात नीट विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत मात्र सहज मिसळते. म्हणून लोण्यात किंवा सायीत मिसळलेल्या किसाचा सुगंध सर्वत्र सारखा पसरतो, तर नुसत्या पाण्यात टाकलेल्या किसाचे तेल वर तरंगते आणि वाफेबरोबर निघून जाते. गोड पदार्थ करताना कीस आधी साखरेत घालून बोटांनी चोळावा. साखरेचे टोकदार कण उरलेल्या पिशव्या फोडतात आणि बाहेर आलेले तेल त्या कणांनाच चिकटून राहते. दोन मिनिटांत साखर ओलसर आणि पिवळसर दिसू लागते. माझ्या मते संपूर्ण कृतीत एवढ्या कमी कष्टात एवढा फरक पाडणारी दुसरी पायरी नाही.

उष्णतेचा हिशेब थोडा फसवा आहे. लिमोनीन सुमारे १७६ अंश सेल्सिअसला उकळते, त्यामुळे उकळत्या पाण्याच्या १०० अंशांना ते सुरक्षित राहील असे वाटते. प्रत्यक्षात पाण्याची वाफ त्याला त्याआधीच सोबत घेऊन जाते. वनस्पतींचे सुगंधी तेल ऊर्ध्वपातनाने, म्हणजे वाफेबरोबर उडवून मग ती वाफ थंड करून काढतात, ते याच तत्त्वावर. म्हणून उघड्या भांड्यात शिजणाऱ्या पदार्थात कीस अगदी शेवटी, आच बंद केल्यावर घालणे योग्य. केकच्या मिश्रणातले लोणी आणि घट्ट पोत सुगंधाला बराच धरून ठेवतात, म्हणून तिथे तो आधी घातला तरी चालतो.

किसात आम्ल नगण्य असल्यामुळे त्याचा आणखी एक फायदा होतो. गरम दुधात रस पिळला की दूध फाटते, कीस घातल्याने फाटत नाही. दुधाच्या पदार्थाला लिंबाचा स्वाद द्यायचा असेल तर सालीसारखा दुसरा सोपा मार्ग नाही.

किसताना हात हलका हवा. पांढऱ्या थरात पेक्टिन (जॅम घट्ट करणारे द्रव्य) भरपूर असते आणि त्याच्याबरोबर कडवटपणा आणणारी द्रव्येही असतात. त्यांतल्या एका द्रव्याचे आम्लाच्या संपर्कात आल्यावर हळूहळू लिमोनिन या कडू द्रव्यात (सालीच्या तेलातले लिमोनीन वेगळे) रूपांतर होते, त्यामुळे ताजा असताना चांगला लागलेला पदार्थ काही तासांनी कडू लागू शकतो. तेव्हा बारीक दातांच्या किसणीवर लिंबू एका जागी एकदाच, फार तर दोनदा फिरवावे आणि पांढरे दिसू लागताच जागा बदलावी. लिंबू अख्खे असतानाच कीस काढावा. रस पिळल्यावर मऊ पडलेली साल किसणीवर टिकत नाही. विकतच्या लिंबांवर पुष्कळदा मेणाचा लेप आणि बुरशीनाशकाचा अंश असतो, म्हणून आधी ती कोमट पाण्यात ब्रशने घासून, पुसून कोरडी करावीत.

कीस काढल्याबरोबर वापरावा, कारण फुटलेल्या पिशव्यांतले तेल लगेच उडू लागते आणि हवेतील ऑक्सिजनमुळे त्याचा वासही बदलतो. उरला तर तो रसात बुडवून ठेवू नये, कारण आम्लात सिट्राल टिकत नाही. घट्ट झाकणाच्या लहान डबीत भरून फ्रीझरमध्ये ठेवावा आणि गोठलेलाच थेट पदार्थात घालावा.