समकालीन ख्रिस्ती संगीत : आरंभीचा काळ

रॉक, पॉप आणि लोकसंगीताच्या चालींवर ख्रिस्ती श्रद्धेची गाणी गाणारा अमेरिकी संगीतप्रकार. १९६०च्या दशकाच्या अखेरीस तो कॅलिफोर्नियात आकाराला आला. सुरुवातीला त्याला ‘जीझस म्युझिक’ म्हणत. आजचे नाव १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ झाले.

हे संगीत चर्चच्या गायनवृंदातून आले नाही. हिप्पी जीवनाला आणि अमली पदार्थांना विटलेली अनेक तरुण मुले त्या काळात येशूकडे वळली. ऑर्गनवरची जुनी स्तोत्रे त्यांना परकी होती. गिटारवर जे वाजवता येत होते, त्यातच त्यांनी आपली साक्ष गायली. कॅलिफोर्नियातील कोस्टा मेसा येथील कॅल्व्हरी चॅपल या चर्चचे पाळक (धर्मगुरू) चक स्मिथ यांनी त्यांना दार उघडले. अनवाणी पोरांनी नवा गालिचा मळेल अशी कुरकुर मंडळीत (चर्चच्या सभासदांत) सुरू झाली, तेव्हा गालिचाच काढून टाकू, पण मुलांना अडवायचे नाही, असे स्मिथ यांनी बजावल्याची आठवण सांगतात. या मुलांचे बाप्तिस्मे कोरोना डेल मारच्या समुद्रात होत. ‘लव्ह साँग’ हा गट याच मंडळीत नावारूपाला आला. तिथल्या गटांची गाणी ध्वनिमुद्रित करण्यासाठी १९७१ मध्ये ‘मारानाथा! म्युझिक’ ही संस्था निघाली. पुढे उपासनेत सर्वांनी मिळून म्हणायच्या साध्या, छोट्या स्तुतिगीतांचा प्रसार तिने केला. या काळाचा सर्वांत टिकाऊ वारसा बहुधा हाच.

लॅरी नॉर्मन (१९४७–२००८) हा या पिढीचा सर्वांत धारदार कवी-गायक. त्याचा १९६९चा ‘अपॉन धिस रॉक’ हा पहिला ख्रिस्ती रॉक अल्बम मानला जातो. तो कॅपिटल या मोठ्या, धर्मनिरपेक्ष कंपनीने काढला होता. नॉर्मन गुप्तरोग, नशा, युद्ध यांबद्दल आडपडदा न ठेवता गाई. त्यामुळे ख्रिस्ती पुस्तकांची काही दुकाने त्याच्या तबकड्या ठेवायला तयार नसत.

रॉकचा ताल सैतानाचा, असा अनेक सुवार्तिकांचा (ख्रिस्ती धर्मप्रचारकांचा) आक्षेप होता. तो इतिहासाला धरून नव्हता. रॉकची मुळे बऱ्याच अंशी कृष्णवर्णीयांच्या पेंटेकोस्टल (उत्कट, गाण्या-टाळ्यांनी भरलेल्या ख्रिस्ती पंथाच्या) उपासनेत होती, आणि कृष्णवर्णीय गायिका सिस्टर रोझेटा थार्प यांनी १९४०च्या दशकातच इलेक्ट्रिक गिटारवर गॉस्पेल, म्हणजे कृष्णवर्णीय चर्चमधले भक्तिसंगीत, गाजवले होते. या परंपरेतले गायक आंद्रे क्राउच गोऱ्या श्रोत्यांपर्यंतही पोहोचले. तरी या चळवळीच्या कथनात कृष्णवर्णीय गायकांना त्यांच्या ऋणाच्या मानाने फार थोडी जागा मिळते.

जून १९७२ मध्ये डॅलस येथे ‘एक्स्प्लो ७२’ हा ख्रिस्ती तरुणांचा मेळावा भरला. शेवटच्या दिवशीच्या मैफलीला लाखाच्या वर गर्दी लोटल्याचा अंदाज आहे. नॉर्मन, लव्ह साँग आणि क्राउच यांच्यासह प्रसिद्ध कंट्री गायक जॉनी कॅशही तिथे गायले. बिली ग्रॅहम यांच्यासारख्या नामांकित सुवार्तिकाने या मेळाव्याला साथ दिल्याने विरोधाची धार बोथटली.

मग व्यवसाय आला. टेक्सासमधील वेको येथील वर्ड या ख्रिस्ती ध्वनिमुद्रण कंपनीने बिली रे हर्न यांच्या पुढाकाराने ‘मर्‍ह’ हे लेबल काढले. हर्न यांनीच १९७६ मध्ये ‘स्पॅरो’ ही ध्वनिमुद्रण कंपनी स्थापन केली. १९७८ मध्ये या संगीताला वाहिलेले मासिक सुरू झाले. गायक कीथ ग्रीन याला मात्र सुवार्तेची विक्री खटकत होती. त्याने १९८०चा आपला अल्बम ‘परवडेल ते द्या’ या अटीवर देऊ केला. जुलै १९८२ मध्ये विमान अपघातात तो गेला. त्याच वर्षी आलेल्या गायिका एमी ग्रँटच्या ‘एज टू एज’ या अल्बमने पुढे दहा लाख प्रतींचा टप्पा गाठला.