स्टिअरिंग डँपर

स्टिअरिंग डँपर : पुढच्या चाकांना बसणारे आडवे झटके आणि थरथर चालकाच्या हातापर्यंत पोचण्याआधी शोषून घेणारा, शॉकअपसारखा दिसणारा तेलाचा दंडगोल. शास्त्रीय परिभाषेत त्याला सुकाणू-अवमंदक म्हणता येईल. बाजारात ‘स्टिअरिंग स्टॅबिलायझर’ हे नाव जास्त चालते, पण ते दिशाभूल करणारे आहे. वळणावर गाडी कलू नये म्हणून लावलेल्या आडव्या सळईलाही स्टॅबिलायझरच म्हणतात. शिवाय या नावातून गाडी सरळ धरून ठेवण्याची हमी मिळाल्यासारखे वाटते आणि ती हमी हा भाग देऊ शकत नाही. उंच केलेल्या जीपवर तो बसवावा की नाही, या वादातला बराचसा गोंधळ या नावातूनच उपजलेला आहे.

डँपरचे एक टोक टायरॉडला (दोन्ही पुढची चाके जोडणाऱ्या दांड्याला) किंवा ड्रॅग लिंकला (स्टिअरिंगची हालचाल चाकांकडे नेणाऱ्या दांड्याला) आणि दुसरे ॲक्सलला किंवा चासीला जोडलेले असते. आतल्या पिस्टनच्या बारीक छिद्रांतून तेल इकडून तिकडे जाते. हालचाल जितकी झपाट्याची तितका विरोध अधिक. सावकाश वळताना तो जवळजवळ जाणवत नाही, चाक दगडावर आपटले की मात्र जाणवतो. चाक मध्यावर परत आणण्याचे बळ त्यात नसते. ते काम कॅस्टर कोनाचे, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळते त्याच्या मागे झुकण्याच्या कोनाचे. गॅस भरलेल्या प्रकारात दांडा आपोआप बाहेर ढकलला जातो, त्यामुळे तसा एकच डँपर बसवल्यास गाडी किंचित एका अंगाला ओढू शकते.

इतिहास : पहिलेपणाचा मान कधी मोटारसायकलीला, तर कधी मोटारीला दिला जातो. दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या मोटारसायकलींवर हँडलच्या मध्यभागी पिळून घट्ट करायचा घर्षण-डँपर सर्रास दिसे. साइडकार जोडल्यावर तो विशेष उपयोगी पडे. मोटारींमध्ये हा प्रश्न ऐरणीवर आला तो साधारणपणे १९२३ नंतर, कमी हवेचे फुगीर ‘बलून’ टायर आल्यावर. पुढची दोन्ही चाके एकाच दांड्यावर बसवणारा अखंड ॲक्सल असलेल्या गाड्यांची चाके ठरावीक वेगाला डावी-उजवी फडफडू लागली. त्या काळच्या एका नाचावरून या फडफडीला ‘शिमी’ हे नाव पडले असे सामान्यतः मानतात. ब्रूलिए या फ्रेंच अभियंत्याने १९२५ मध्ये शिमीची मीमांसा मांडली.

कारणांबद्दल दोन विचारप्रवाह दिसतात. पहिल्यानुसार मूळ दोष घूर्णदर्शी परिणामात, म्हणजे फिरत्या भोवऱ्याच्या स्वभावात आहे. अखंड ॲक्सलचे एक टोक उचलले गेले की दोन्ही फिरती चाके एकदम कलतात आणि भोवरा डोलावा तशी आपोआप वळू पाहतात. दुसऱ्यानुसार टायरची आडवी लवचीकता हेच मूळ. गाडीच्या पुढे जाण्याच्या ऊर्जेतला काही भाग टायर थरथरीकडे वळवतो. ही दुसरी बाजू विमानाच्या चाकांच्या अभ्यासातून पक्की झाली. जर्मनीत श्लिपे आणि डीट्रिख यांनी १९४१ मध्ये, तर सोव्हिएत गणिती केल्डिश यांनी १९४५ मध्ये विमानाच्या नाकाखालच्या चाकाच्या शिमीचे गणित मांडले. उंच जीपपुरते पाहता थरथर सुरू का होते याचे उत्तर टायरच्या सिद्धान्तात अधिक समाधानकारक मिळते; एकदा सुरू झाल्यावर ती अखंड ॲक्सलवर इतकी उग्र का होते, हे भोवऱ्याच्या उपपत्तीवरून उमगते.

उंच केलेल्या गाड्या : सातारा, कराड, सांगली, इस्लामपूर या पट्ट्यात जीप म्हटले की पूर्वी वडाप, म्हणजे माणशी भाडे घेणारी प्रवासी जीप, डोळ्यांसमोर येई. आता हौसेने सांभाळलेल्या जुन्या जीपांना जादा पाटे (पट्टीच्या स्प्रिंगा), लांब शॅकल (पाट्याचे टोक चासीला जोडणारी झुलती कडी) आणि ३१ इंची टायर चढवलेले दिसतात. अशा गाडीच्या तक्रारी दोन जातींच्या असतात आणि त्या दोन वेगळ्या रस्त्यांवर उघड होतात.

यवतेश्वरचा घाट चढून कास-बामणोलीकडे गेल्यावर मुख्य रस्ता सोडून एखाद्या वाडीच्या खडकाळ वाटेला लागले की स्टिअरिंग हातात उसळते. बाहेर काढलेल्या रुंद चाकाला दगडाचा तरफेसारखा जोर मिळतो. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या जुन्या जीपमध्ये हा झटका थेट मनगटात येतो. अंगठा स्टिअरिंगच्या कड्याच्या आत घालू नये, असे जुने चालक नव्याला शिकवतात ते यामुळेच. इथे डँपर खरोखर कामाचा आहे. दिवसभराच्या खडकाळ वाटेवर हाताचा शीण त्याने नक्की कमी होतो.

दुसरी तक्रार सातारा-कराड महामार्गावरची. ६०-७० च्या वेगाने जाताना पुलाचा सांधा लागतो आणि अख्खे पुढचे धूड थडथडू लागते. वेग पुरता उतरेपर्यंत थांबत नाही. गॅरेजच्या भाषेत ‘गाडी वॉबलिंग मारते’. ३१ इंची चाकाचा परीघ सुमारे २.४७ मीटर, म्हणजे ७० किमी वेगाला ते सेकंदाला जवळपास ८ फेरे घेते. बॅलन्सिंगमध्ये राहिलेला फरक सेकंदाला तितकेच धक्के देतो, आणि सांध्यांत ढिलाई असेल तर थरथरीला वाट मोकळीच. इथे नवा जाड डँपर बसवला की काही महिने शांतता मिळते. पण झिजलेला टायरॉड एंड, किंगपिनचे (चाक ज्यावर वळते त्या खिळीचे) बेअरिंग किंवा पाट्याचा बुश आत झिजतच राहतो, आणि डँपर थकला की वॉबलिंग पूर्वीपेक्षा जोरात परत येते. जीवघेणा धोका या उसन्या शांततेत आहे.

कॅस्टरकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असेल आणि ती लांब केली, तर ॲक्सल पुढे कलतो, कॅस्टर घटतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपणहून परत येईनासे होते. यावर पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये २ किंवा ४ अंशांची पाचर घालतात. पाचरीची जाड बाजू उलट गेली तर दुखणे वाढते. बरोबर गेली तरी फोर-व्हील गाडीत पुढच्या डिफरन्शियलचे तोंड खाली झुकते आणि प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर (सांध्यावर) ताण येतो, म्हणून कोन मोजूनच घ्यावा. उंचीमुळे ड्रॅग लिंक तिरकी होऊन खड्ड्यागणिक गाडी आपोआप वळत असेल, तर त्यावरही डँपर हा उपाय नव्हे.

तपासणी साधी आहे. चाके जमिनीवर ठेवून एकाने स्टिअरिंग झटपट डावी-उजवीकडे हलवायचे आणि दुसऱ्याने खाली बसून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवायचे. सांध्याचे दोन भाग वेगवेगळे हलले की बोटाला ‘टक्’ असे कळते. कॉटर पिनभोवती गंजाची लाल भुकटी दिसली तरी संशय घ्यावा. डँपर काढून हाताने दाबून-ओढून पाहावा : मध्ये कुठे मोकळी जागा लागली किंवा दांड्यावर तेल ओघळलेले असले तर तो संपला. नवा बसवताना स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून डँपरचा दांडा आधीच टेकत नाही ना, हे बघणे अत्यावश्यक. टेकला तर वळण अर्धवट राहते आणि टायरॉडला बाक येतो.

कारखान्यातून : भारतात २०२३ पासून विकली जाणारी मारुती सुझुकीची जिम्नी पुढे-मागे अखंड ॲक्सलची असून तिला डँपर मुळातच असतो. जीप कंपनीच्या रँगलरलाही तो असतो. २०१९ मध्ये तिच्या उत्पादकाने थरथरीच्या तक्रारींवर नव्या घडणीचा डँपर बसवून देण्याची मोहीम काढली. डँपर हाच उपाय, या मताचे लोक हा दाखला देतात. मात्र तो कारखान्याच्या मापातल्या, सांधे नवे असलेल्या गाड्यांचा आहे. महिंद्राच्या थारच्या बहुतेक प्रकारांचे पुढचे निलंबन स्वतंत्र (प्रत्येक चाकाचे वेगळे) असल्याने अखंड ॲक्सलचे निष्कर्ष तिला जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. उंची वाढवणे आणि टायर बदलणे या कसोटीवर आधी येतात, डँपर नंतर.