हौदा उंच, पायरी कुठे? अमेरिकन पिकअपमधल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

अमेरिकन पिकअपच्या हौद्यात चढायची पायरी फाळक्यात, म्हणजे मागच्या पाडायच्या झडपेत, असावी की मागच्या बंपरमध्ये, हा वाद २००८ पासून चालू आहे. वरवर पाहता विषय किरकोळ वाटतो. पण या गाड्या तिथे सर्वाधिक खपतात आणि त्यातल्या कितीतरी रोज कामावर जातात. दिवसातून वीस वेळा चढउतार करणाऱ्या माणसाला ही पायरी हॉर्सपॉवरपेक्षा जवळची असते.

आधी उंची पाहू. मोठ्या पिकअपचा फाळका पाडला तरी हौद्याचा तळ जमिनीपासून तीन फुटांच्या आसपास राहतो, आणि फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद जाणारी गाडी, असेल तर आणखी थोडा वर. घरच्या जिन्याची पायरी सात इंचांची धरली तर ही पाच पायऱ्यांची चढण एका ढांगेत चढायची. फाळका लावलेला असेल तर बाजूची कड सरळ छातीशी येते. विशीतला गडी टायरवर पाय देऊन आत उडी मारतो. पन्नाशीतला सुतार मात्र आधी फाळक्यावर बूड टेकवतो, मग एक गुडघा वर घेतो, मग दुसरा, आणि रांगत उभा राहतो. उतरताना हेच उलट, फक्त पाय हवेत चाचपडत असतात. आपल्याकडच्या ‘छोट्या हत्ती’च्या मालकाला हे दुखणं कळणार नाही, त्याचा हौदा कमरेच्या खालीच संपतो.

ही उंची मुळात नव्हती. फोर्डने १९२५ च्या एप्रिलमध्ये मॉडेल टी गाडीला कारखान्यातच हौदा बसवून २८१ डॉलरला विकायला काढलं. तो हौदा जेमतेम ५६ इंच लांब आणि १३ इंच खोल होता. माल बाजूला उभं राहूनच काढायचा, आत चढायचं कारणच नव्हतं.

पुढच्या तीस वर्षांत जे घडलं त्यातून ‘स्टेपसाइड’ हा शब्द आला आणि त्याने पुष्कळ घोळ घातला. तेव्हाचा हौदा अरुंद होता, मागच्या चाकांच्या मधोमध बसवलेला. चाकांवरचे मडगार्ड हौद्याच्या बाहेर फुगलेले असत. केबिन आणि मडगार्ड यांच्यामध्ये जी जागा उरायची तिथे एक पत्र्याची फळी असायची. तिच्यावर पाय ठेवला की हात थेट हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यापर्यंत पोचायचा. ही पायरी कुणी मुद्दाम आखली नव्हती, ती उरलेल्या जागेतून झाली. शेव्हरोलेने १९५५ मध्ये बाहेरून सपाट दिसणारी कॅमिओ कॅरियर काढली. १९५७ मध्ये फोर्डने आणि १९५८ मध्ये शेव्हरोलेने हौदाच पूर्ण रुंद केला आणि चाकांचे उंचवटे आत गेले. जागा वाढली, माल जास्त मावू लागला, आणि पायरी गेली. तक्रार झाली असेल तर ती फारशी ऐकू आली नाही, कारण तेव्हा गाडी अजून बुटकीच होती.

गंमत म्हणजे जुना अरुंद हौदा बंद झाला नाही. रुंद हौद्याला नवं नाव मिळालं तसं जुन्यालाही नाव लागलं: शेव्हरोलेकडे स्टेपसाइड, फोर्डकडे फ्लेअरसाइड, जीएमसीकडे फेंडरसाइड, डॉजकडे युटिलाइन. एकाच वस्तूची चार नावं. सत्तरच्या दशकात तोच हौदा शौकिनांनी उचलला. १९७८ ची डॉजची लाल, उभ्या क्रोम धुराड्यांची लिल रेड एक्सप्रेस याच हौद्याची. म्हणजे कामाची पायरी शोभेची झाली. आज जुन्या गाड्यांच्या बाजारात कुणी ‘स्टेपसाइड’ म्हणाला तर त्याला हौद्याचा आकार सांगायचा असतो. ‘साइड स्टेप’ म्हणाला तर हौद्याच्या बाजूची किंवा दाराखालची पायरी सांगायची असते. ‘नर्फ बार’ म्हणाला तर दाराखालचा गोल पाइप, ज्याचं नाव शर्यतीच्या गाड्यांवरून आलेलं आहे आणि हौद्यात चढायला ज्याचा काडीचा उपयोग नाही. सुट्या भागांच्या दुकानात या तीन शब्दांत गल्लत झाली की चुकीचा खोका घरी येतो.

मध्ये एक वेगळी वाट होती. १९६१ मध्ये शेव्हरोलेने कॉरव्हेअर ९५ मालिकेत रॅम्पसाइड काढली. तिचं इंजिन मागे, त्यामुळे हौद्याचा मधला तळ खाली गेला, आणि बाजूचाच एक फाळका पाडला की तो जमिनीला टेकून उतरण व्हायची. टेलिफोनच्या तारांची जड रिळं गडगडत वर न्यायला ती फार सोयीची, आणि टेलिफोनवाल्यांनी ती घेतलीही. १९६४ नंतर ती बंद झाली. जर्मन फोक्सवॅगनच्या पिकअपचे तिन्ही बाजूंचे फाळके पडायचे. पण युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर जकात लावली, त्याला उत्तर म्हणून अमेरिकेने जानेवारी १९६४ पासून परदेशी हलक्या ट्रकवर २५ टक्के जकात बसवली, आणि ती पिकअप तिथून हळूहळू दिसेनाशी झाली. कोंबडीच्या भांडणात ट्रक कापला गेला. ती जकात पुढे साठ वर्षांत हटली नाही. जपानमध्ये आजही छोट्या ‘के’ ट्रकचा हौदा जमिनीपासून जेमतेम ६५ सेंटिमीटरवर असतो आणि तिन्ही बाजू पडतात. तिथे पायरीचा प्रश्नच उभा राहत नाही. माझ्या मते अमेरिकन पायरीच्या इतिहासात ही जकात कुठल्याही बिजागरीपेक्षा महत्त्वाची आहे, पण तिच्याकडे सहसा कुणी बोट दाखवत नाही.

मग गाडी उंच का झाली? फोर-बाय-फोर कारखान्यातूनच मिळू लागली, शेव्हरोलेची १९५७ पासून आणि फोर्डची १९५९ पासून. पुढचा आस आणि ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी (ट्रान्स्फर केस) मावायला सांगाडा वर गेला. फोर्डच्या सत्तरच्या दशकातल्या एका एफ-२५० ला लोकांनी ‘हायबॉय’ असंच नाव पाडलं. पुढे टायर मोठे झाले, ओढायची वजनं वाढली, आणि उंच बॉनेट विकलं जातं हेही कंपन्यांच्या लक्षात आलं. २००४ ची फोर्डची एफ-१५० पिकअप आली तेव्हा हौद्याच्या भिंती जवळजवळ दोन इंचांनी वाढवल्या होत्या. जाहिरातीत ती जागा घनफुटांत मोजून दाखवली. पण दोन इंच वर गेलेल्या कडेवरून हात तळापर्यंत पोचेनासा झाला, तेव्हा आत चढणं भाग पडलं. त्याच गाडीचा फाळका जड झाला म्हणून त्याला आतून पिळाची सळई देऊन उचलायला हलका केला होता. एक अडचण दिसली होती, दुसरी दिसली नव्हती.

तोवर लोक आपापली सोय करत होते. ट्रेलर ओढायच्या दोन इंची चौकोनी खोबणीत घालायची लोखंडी पायरी मिळायची. ती चढायला बरी, पण काढायला विसरलात की अंधारात नडगीवर आदळायची. बंपरखाली बसवायची, पायाने ढकलून पुढे काढायची पायरीही निघाली.

इथून खरा वाद सुरू होतो. खाली दिलेली वर्षं मॉडेल वर्षं आहेत, आपल्या दिवाळी अंकांसारखी थोडी आधीच बाजारात येणारी.

२००८ च्या सुपर ड्युटी या जड कामाच्या पिकअपमध्ये फोर्डने फाळक्यातच पायरी लपवली. ती अशी चालायची: फाळका पाडा. त्याच्या कडेतून पायरीची पट्टी बाहेर ओढा, ती खाली दुमडून लोंबकळते. मग फाळक्यावर आडवा पडलेला एक दांडा उभा करा. आता एका हाताने दांडा धरून, पाय पायरीवर देऊन वर या. उतरल्यावर दांडा पाडा, पायरी आत सारा, फाळका लावा. सहा-सात हालचाली. पण दांडा धरायला मिळतो हे महत्त्वाचं, कारण उतरताना माणूस पडतो तो धरायला काही नसल्यामुळे. २००९ च्या एफ-१५० वर ही पायरी आली आणि केबिनच्या मागे हौद्याच्या खालून पायाने दाबून बाहेर काढायची बाजूची पायरीही. म्हणजे १९५५ पूर्वीची ती उरलेल्या जागेतली फळी पन्नास वर्षांनी, आता जादा पैसे घेऊन, परत आली.

प्रतिस्पर्ध्याने टिंगल केली. शेव्हरोलेच्या सिल्व्हराडो पिकअपच्या एका जाहिरातीत एक माजी फुटबॉलपटू फोर्डच्या गाडीवर त्या पायरीशी झटणाऱ्या माणसाकडे पाहतो आणि तिला ‘मॅन-स्टेप’ म्हणून हिणवतो. मर्दाला पायरी कशाला लागते, असा सूर. जाहिरात गाजली. माझ्या मते ती वाईट होती, आणि तीही दुहेरी: एक तर गुडघे दुखणाऱ्या गिऱ्हाइकालाच हसली, आणि दुसरं म्हणजे खरा दोष तिने सांगितलाच नाही.

खरा दोष असा की ही पायरी वापरायची तर फाळका पाडावाच लागतो. ट्रेलर जोडलेला असेल तर ट्रेलरचा पुढचा जॅक मध्ये येतो आणि फाळका अर्ध्यावरच अडतो. नेमकी कामाच्या दिवशी पायरी बंद. शिवाय हलणारे भाग आले की चिखल, आणि उत्तरेकडे हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ, बिजागरीत जाऊन बसतं. माणसाचं सगळं वजन फाळक्याच्या कडेवर, म्हणजे बिजागऱ्या आणि दोन दोऱ्यांवर पडतं, ते वेगळंच.

हसणाऱ्या कंपनीने, म्हणजे शेव्हरोले आणि जीएमसी ज्या समूहाच्या त्या जनरल मोटर्सने, २०१४ च्या सिल्व्हराडो आणि जीएमसीच्या सिएरात आपलं उत्तर दिलं. मागच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत पाय मावेल एवढी खोबण, आत खडबडीत रबरी पट्टी, आणि वर हौद्याच्या कडेला बोटं अडकवायला खाच. बस्स. ओढायचं काही नाही, दुमडायचं काही नाही. फाळका लावलेला असो की पाडलेला, ट्रेलर असो की नसो, पाय खोबणीत आणि हात खाचेत. पुढच्या पिढीत ती खोबण पोलादी टोकाचे बूट मावावेत म्हणून मोठी केली. मी याच बाजूचा आहे हे लपवत नाही. ज्या वस्तूला बिजागरी नाही ती मोडत नाही. पण दुसऱ्या बाजूचं म्हणणंही खोटं नाही. बंपरची खोबण कोपऱ्यात आहे, त्यामुळे अंग तिरकं करून चढावं लागतं. हातात सामान असेल तर खाच धरायला हात उरत नाही. आणि फाळका पाडलेला असला की तोच मध्ये येतो आणि खोबणीतून वर यायला वळसा पडतो. एकच पायरी असल्याने उरलेली चढण अजूनही मोठी ढांगच राहते.

इथे नियमांकडे पाहिलं तर पोकळी दिसते. उंच केबिनच्या मोठ्या ट्रकांसाठी केंद्रीय नियम १९८२ पासून आहेत: पहिली पायरी जमिनीपासून २४ इंचांपेक्षा वर नको, आणि चढताना दोन हात-दोन पायांपैकी तीन कायम टेकलेले राहतील अशी रचना हवी. तो नियम केबिनमध्ये चढणाऱ्या ड्रायव्हरसाठी आहे. पिकअपच्या हौद्यात चढणारा त्यात बसत नाही. म्हणून पायरी द्यायची की नाही, कुठे द्यायची, किती पैशांना, हे सगळं विक्रीखात्यावर राहिलं.

२०१५ ला फोर्डने फाळक्यातली पायरी सुधारली, बंद असताना दिसणार नाही अशी. आणि मग मार्च २०१८ मध्ये, ज्या समूहाने ‘मॅन-स्टेप’ म्हणून हसवलं होतं त्याच समूहाच्या जीएमसीने सिएरासाठी सहा प्रकारे उघडणारा फाळका दाखवला. आतला एक भाग वेगळा खाली पडतो आणि त्याची रुंद पायरी होते, ३७५ पौंड, म्हणजे सुमारे १७० किलो पेलणारी. उघडताना बटण चुकलं आणि मागे ट्रेलर अडकवायचा गोळा बसवलेला असेल तर आतला फाळका त्या गोळ्यावर आपटतो आणि पोचा पडतो. गोळा काढून ठेवा अशी सूचना पुस्तिकेत आहे, पण रोज ओढणारा तो काढत नाही. रॅम या आणखी एका पिकअप कंपनीने २०१९ मध्ये फाळका ६०-४० असा उभा चिरून कपाटाच्या दारांसारखा बाजूला उघडला, ९९५ डॉलर जादा. बाजूला उघडणाऱ्या फाळक्याची कल्पना जुनी आहे. १९६६ च्या फोर्डच्या स्टेशन वॅगनचं मागचं दार खालीही पडायचं आणि बाजूलाही उघडायचं, आणि होंडाच्या रिजलाइनने २००६ मध्ये तेच पिकअपवर आणलं होतं. रॅमने पायरीऐवजी गाडीच खाली आणायची युक्तीही केली: हवेच्या सस्पेन्शनवर चढउतारासाठी दोन इंच बसणारी गाडी. २०२४ च्या एफ-१५० साठी मिळणाऱ्या एका फाळक्यात बाजूला उघडणारं दार आहे आणि ते दार ट्रेलर जोडलेला असताना ३७ अंशांवर थांबतं. ट्रेलरची ती जुनी अडचण कबूल करायला सोळा वर्षं लागली.

२०२३ च्या सुपर ड्युटीवर मागच्या बंपरच्या कोपऱ्यांत खोबणी आहेत आणि मागच्या चाकापुढे बाजूची पायरीही. फाळक्यातली पायरी मात्र आजही पैसे देऊन वेगळी घेता येते.